तुलनेच्या पाली

४ जानेवारी

आलो बाई एकदाचे! सामानाचा टेम्पो आमच्या आधीच पोचला होता आणि ड्रायव्हरनं आमची गादी अंगणात टाकून तिच्यावर मस्त ताणून दिली होती. ठमीनं मागचापुढचा विचार न करता त्याच्या पोटावर उडी मारली. बिचारा धडपडून उठला, आधी रागावला, मग तोच हसत सुटला. नवीन घरात पाऊल टाकायच्या आतच पोट दुखेस्तोवर हसलो. चांगली सुरुवात झाली.

घर माझ्या कल्पनेपेक्षा खूपच बरं आहे. दोन खोल्या, उजेडाचं स्वयंपाकघर, पुढे व्हरांडा आणि मागे मोरी. भिंतींना ताजा पिवळा रंग दिलाय, खिडक्यांच्या कड्या लागतात, नळाला चांगला जोर आहे. वसाहतीतली सगळी घरं अशीच, रांगेत बसवलेली. मागच्या भिंतीपलीकडे कारखान्याच्या राखेची टेकडी आहे. उन्हात ती इतकी मऊ दिसते की हात फिरवावासा वाटतो. ठमी म्हणाली, हत्ती पाठ करून बसलाय. संध्याकाळी एक वास येतो, फळ पिकून उतरल्यासारखा गोडसर. नवरोबा म्हणाला, कारखान्याशेजारी राहायचं तर अत्तराचा वास कुठून येणार!

त्याला वसाहतीच्या शाळेत नोकरी, मला कारखान्याच्या प्रयोगशाळेत, ठमीला पहिलीत प्रवेश. तिघांचं एका फटक्यात जमलं. शेजारच्या शिंपीणमावशी चहाचा थर्मास घेऊन आल्या. शाळेचे सगळे गणवेश त्याच शिवतात. ठमीचं माप त्यांनी नुसत्या नजरेनं घेतलं.

रात्री आईला फोनवर सांगितलं की मला पाली पकडण्याचा पगार मिळणार आहे. तिनं फोन सरळ आप्पांच्या हातात दिला.

१२ जानेवारी

काम सुरू झालं. ठमीला समजावलं तसंच इथे लिहून ठेवते, पुढेमागे वाचायला मजा येईल.

पाल घरातच जन्मते आणि घरातच मरते. आपण जी हवा घेतो तीच ती घेते, आपल्या नळाखालचे थेंब चाटते, आपल्या दिव्यावरचे किडे खाते. म्हणून घराला काही बाधत असेल तर ते तिच्या रक्तात आधी दिसतं. शेपटीजवळून सुईच्या टोकाएवढं रक्त घ्यायचं, काचेवर पसरायचं, जांभळ्या रंगात बुडवायचं आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. प्रत्येक पेशीत एक गडद ठिपका दिसतो. आईबापाकडून आलेलं सगळं त्या ठिपक्यात असतं. आतले धागे तुटले की एखादा तुकडा बाहेर राहतो आणि मोठ्या ठिपक्याशेजारी एक बारीक ठिपका दिसायला लागतो. प्रयोगशाळेत त्याला सगळे ‘पिल्लू’ म्हणतात. हजार पेशींत एखाददुसरं पिल्लू कुठेही सापडतं, त्याचं काही नाही. जास्त दिसली तर मात्र काहीतरी बिघडलंय.

पाल पकडायला मऊ कुंचा आणि रुंद तोंडाची बाटली लागते. आणि लाज सोडावी लागते. लोकांच्या पलंगाखाली आडवं होऊन आपण ‘ये गं, ये’ करतो तेव्हा घरची माणसं तोंडाला पदर लावून हसतात. पण कोणी नाही म्हणत नाही. रक्त काढून झालं की पाल त्याच घरात परत सोडते.

प्रयोगशाळेचे प्रमुख, म्हणजे सर, फार सभ्य आहेत. हळू बोलतात. रोज गाडीनं दुसऱ्या गावाहून येतात. स्वतःचं पाणी घरून आणतात, पोट नाजूक आहे म्हणे.

३ फेब्रुवारी

पहिल्या काचा झाल्या. पिल्लं फार आहेत. एकेका पेशीत दोन दोन, काही ठिकाणी तर मोठा ठिपकाच उसवल्यासारखा. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले की रंगात खोट असणार, नवीन बाटली फोडा. फोडली. पुन्हा तेच.

मग तुलना करायचं ठरवलं. कुठल्याही तपासणीत तुलनेसाठी न बाधलेला एक गट लागतो, त्याशिवाय बाधलेला ओळखायचा कसा? आमच्या माहेरी, इथून रेल्वेनं अख्ख्या दिवसाच्या वाटेवर, कारखाना नाही की काही नाही. दादाला फोन केला. त्याची बाजारात रक्त तपासायची छोटी लॅब आहे, त्यामुळे त्याला अशा कामाचं वावडं नाही. तो म्हणाला, बायका माहेराहून काय काय मागवतात आणि तू पाली मागवतेस! वहिनीला आता सहावा महिना, तिला हसताना धाप लागत होती, फोनवर ऐकू आलं.

१५ फेब्रुवारी

दादा येऊन गेला. भोकं पाडलेल्या डब्यातून पाली आणल्या. डबा पूर्ण प्रवास मांडीवर होता, शेजारचा प्रवासी खाऊ समजून सारखा बघत होता म्हणे.

माहेरच्या पालींचं रक्त त्याच दिवशी बघितलं. स्वच्छ. एक गडद गोल ठिपका, बस. इतकं छान वाटलं की दादालाही दाखवलं. तोही म्हणाला, झकास आहे.

म्हणजे माझा रंग बरोबर आहे. हातही बरोबर आहे.

त्यांना प्रयोगशाळेत खिडकीजवळच्या काचपेटीत ठेवलंय.

२० मार्च

माहेरच्या पालीही बिघडल्या.

निम्म्यांना नळाचं पाणी देत होते आणि निम्म्यांना बाहेरून आणलेलं. दोन्हीकडे पिल्लं. म्हणजे हे फक्त पाण्यातून येत नाहीये. खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवलं तर राखाडी पूड आली. आमच्या घरातही येते, मी रोज पुसते. पुसताना तोच गोड वास येतो.

दुसरी गोष्ट आधीच लिहायला हवी होती. इथल्या पाली पळत नाहीत. सुरुवातीला वाटलं, माझा हात बसला. पण आता त्या भर दुपारी जमिनीवर येऊन बसतात. पाय जवळ नेला तरी हलत नाहीत. ठमी त्यांना हातावर घेऊन फिरते. एकीची शेपटी तुटून तिथे दोन आल्यात. ठमीला ते फार आवडलंय.

शिंपीणमावशींनी शिलाई मशीन सरकवलं तर मागे भिंतीला पालीची अंडी चिकटलेली. मला बोलावलं. मी त्यातली काही उघडली. बहुतेक रिकामी होती. एकात होतं ते जिवंत होतं. त्याचं पुढचं टोक कुठलं आणि मागचं कुठलं हे कळत नव्हतं. मावशींनी विचारलं काय आहे. मी म्हटलं, काही नाही, फुकट गेलंय.

त्या म्हणाल्या, इथे बरंच फुकट जातं. आणि मशीन परत जागेवर लोटलं.

२ एप्रिल

नवरोबा शाळेतून आला तो हातपाय न धुताच सांगायला बसला. पहिलीच्या वर्गात भिंतीवर मुलांची उंची लिहायची जुनी पद्धत आहे. दर वर्षीच्या मुलांची एक रेघ. त्यानं आज वर्ग रंगवायचा म्हणून फळा बाजूला काढला, तर सगळ्या जुन्या रेघा दिसल्या. दर वर्षीची रेघ आधीच्या रेघेच्या खाली आहे. त्याला वाटलं, कोणीतरी गंमत केली असेल. जुन्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सर, म्हणून तर फळा तिथे लावला.

तो हे मला सांगत असताना ठमी मांडीवर पाल घेऊन बसली होती. मी ओरडले. ती एवढी दचकली की रडायचंही विसरली.

४ एप्रिल

माणसाचं बघणं सोपं असतं. लाकडी चपटी काडी गालाच्या आतून फिरवायची, दुखत नाही. तिघांचं घेतलं. ठमीला म्हटलं, आ कर.

माझ्यात थोडी आहेत. नवरोबात थोडी.

ठमीची काच दोनदा बघितली. मग तिसऱ्यांदा. मुलांच्या पेशी भराभर वाढतात, म्हणून त्यांना जास्त बाधतं. मला माहीत आहे. हे मी दुसऱ्यांना शिकवलेलं आहे.

त्याला अजून सांगितलं नाही. भाजी निवडत बसले. सगळी निवडून झाली तरी बसलेच होते.

५ एप्रिल

सरांकडे गेले. पालींच्या काचा, अंडी, आमच्या काचा, सगळं टेबलावर ठेवलं. म्हटलं, आता रंगाला दोष देऊ नका.

त्यांनी दिला नाही. चहा मागवला. मग कपाट उघडून एक काच काढली आणि लेन्सखाली ठेवून मला खुणेनं बघायला सांगितलं. गालाच्या पेशी होत्या. स्वच्छ, सुरेख. मी विचारलं कोणाच्या. ते म्हणाले, तुमच्या मुलीच्या, जानेवारीतल्या.

नोकरीवर रुजू होताना दवाखान्यात नर्सनं तिघांच्याही गालातून काडी फिरवली होती. इतकी किरकोळ गोष्ट की मी इथे लिहिलीही नाही. नंतर शाळेत दर महिन्याला दातांची तपासणी म्हणून ठमीची काडी जात होती. फेब्रुवारीची काच होती, मार्चची होती. सगळ्या ओळीनं.

सर म्हणाले की इथे जन्मलेल्यांकडे बघून काही कळत नाही, ते पहिल्यापासूनच तसे असतात. किती दिवसांत किती बिघडतं हे कळायला बाहेरून आलेलं कुटुंब लागतं. हे ते अगदी हळू, समजुतीच्या सुरात सांगत होते. शेवटी म्हणाले, “तुलनेच्या पाली तुम्ही आणल्यात. माणसं आम्ही आणली.”

मी त्यांच्या तोंडावर चहा फेकायला हवा होता. मी कप बशीत नीट ठेवला.

६ एप्रिल

तक्रार कुठे करायची? नवरोबानं आज चारपाच ठिकाणी फोन केले. सगळीकडे त्याला शेवटी कारखान्याचाच नंबर देतात.

सर स्वतः घरी आले. व्हरांड्यातच उभे राहिले, आत आले नाहीत. म्हणाले, तुमचा अहवाल वर पाठवला, वरच्यांना पटलाय. टेकडी हलवणार. सगळी. तुमचे आभार मानायला सांगितलंय.

खरं वाटेना.

११ एप्रिल

खरंच हलवतायत! सकाळपासून ट्रकची रांग लागलीय. हत्तीची पाठ खचलीय.

आम्ही निघालो आहोत. कोणी अडवलं नाही. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं सामान चढवायला हात दिला. न अडवण्याचीच भीती वाटली मला. शिंपीणमावशींना म्हटलं, तुम्हीही चला. त्या म्हणाल्या, कुठेही गेले तरी ते माझ्यातून बरोबर येणारच ना गं, आणि तिथे मला मशीन कोण देणार? मग ठमीच्या फ्रॉकची शिवण उलगडून थोडी मोठी करून दिली. म्हणाल्या, वाढेल.

तरी मनात कुठेतरी बरं वाटतंय. एवढा डोंगर माझ्या काचांनी हलला.

१९ मे

माहेर. अंगणातल्या दोरीवर कपडे वाळतायत आणि आप्पा ठमीला पत्ते शिकवतायत, म्हणजे फसवायला शिकवतायत.

वहिनीला मुलगी झाली. इवलीशी, पण गळा केवढा! दादा तिला ‘भोंगा’ म्हणतो. ठमी तिच्याजवळून हलत नाही.

गालाची कातडी दर काही आठवड्यांनी नवी येते. नवी स्वच्छ येऊ शकते. दादाच्या लॅबमध्ये ठमीची काच केली. कमी झालीयत! दादालाही बघायला लावलं, की मी मनाचं तर बघत नाहीये. नाही, खरंच कमी आहेत. घरी येईपर्यंत रडत आले. नवरोबा म्हणाला, वाईट बातमीला भाजी निवडतेस आणि चांगलीला रडतेस.

त्याला इथल्या शाळेत विचारलंय. आपलं होईल नीट.

८ जून

आप्पा खूश आहेत. दारापुढचा कच्चा रस्ता अखेर पक्का होतोय. वर्षानुवर्षं अर्ज करत होते. आज ट्रक आले आणि भराव टाकून गेले. मुलं त्याच्यावर घसरगुंडी खेळतायत.

मी बाजारातून आले तेव्हा लांबून बघितलं. राखाडी. मऊ.

राख सगळीकडची सारखीच दिसते.

९ जून

वास नाही. मी तीनदा जाऊन आले. काही वास नाही. आई विचारते, सारखी रस्त्यावर काय करतेस?

संध्याकाळी आई म्हणाली, शेजारी आंबे फार पिकलेत वाटतं—

शेजारी आंबे नाहीत.

१० जून

दादा कंत्राटदाराकडे गेला होता. कंत्राटदार म्हणाला, साहेब, स्वस्त माल आहे, परवानगी आहे, जिल्ह्यातले सगळे रस्ते याचेच होतायत. विटाही याच्याच.

सरांना फोन केला. ओळखीनं, आनंदानं बोलले. हो म्हणाले, ती राख आता कुठेकुठे गेली याचा हिशोब त्यांच्याकडेही नाही. तुमच्यामुळे वसाहत मोकळी झाली. मग म्हणाले, बरं झालं फोन केलात, एक काम होतं. तुमच्या माहेरच्या थोड्या पाली पुन्हा पाठवाल का? तुलनेला स्वच्छ पाली कुठेच मिळेनात.

मी फोन ठेवला नाही. हातातून सुटला.

१४ जून

रस्त्यावर पाणी मारतेय दिवसभर. खिडक्यांना ओल्या चादरी. आप्पा चिडले. एवढ्या वर्षांनी रस्ता झाला आणि तुझं हे काय चाललंय! मी सांगितलं. सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, मग आता उकरून टाकू? टाकणार कुठे?

नवरोबा म्हणतो निघू. मी म्हटलं कुठे. तो नकाशा घेऊन बसलाय. अजून बसलाच आहे.

३ जुलै

ठमीची काच केली नाही. दादा म्हणतो कर. नाही केली.

पुसलं की पुन्हा येते. पोळपाटावर. उशीवर. भोंग्याच्या पापण्यांवर.

११ जुलै

स्वयंपाकघरात, भर दुपारी, जमिनीवर पाल. आई म्हणाली, बघ गं, ही हलतच नाही, मेली की काय?

मी वाकले. हात लावला. ती माझ्याकडे बघत राहिली.

पळ ना. पळ गं बाई—

१२ जुलै

पकडायला कुंचाही लागला नाही. दादाकडे नेली. त्याच घराची, त्याच भिंतीची. फेब्रुवारीत स्वच्छ होती यांची जात.

पिल्लंच पिल्लं.

दादा लेन्सपासून दूर झाला आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून बसला. म्हणाला, आता तुलना कशाशी करायची?

१५ जुलै

आईत आहेत. आप्पांत आहेत. दादात. ठमीची पुन्हा वाढली— पहिल्यापेक्षा जास्त.

राहिली एक.

वहिनी नको म्हणाली. मग म्हणाली, घे. पोर घराबाहेर गेली नाहीये, पाळणा आतल्या खोलीत, खिडकी पहिल्या दिवसापासून बंद, वर मच्छरदाणी. नुसतं आईचं दूध. तिच्यात नसणार. तिच्यात नसतील तर काहीतरी करता येईल, कसं वाचवायचं ते कळेल, सगळ्यांना तसंच—

वहिनी हसायचा प्रयत्न करत होती. पोरीनं काडी चोखायलाच घेतली.

१६ जुलै

दादाची लॅब. सकाळ. काच वाळली. रंग चांगला बसलाय. सगळे आलेत— आई, वहिनी पोरीला घेऊन, आप्पा बाहेर बाकावर. मोजता मोजता लिहिते आहे, म्हणजे मोजणी चुकणार नाही.

पहिली रांग. पेशी. एक ठिपका. पुढची— एक. पुढची एक. वहिनी विचारते, काय गं?

थांब म्हटलं.

एक. एक. एक. दादा, एक आहे रे, सगळ्यांत एकच—

जरा काच सरकवते. कडेला, इथे— मोठ्या ठिपक्याशेजारी एक बारीक—

वहिनी म्हणते, सांग ना गं. मी—